एक डिस्क, अनेक संगणक : सामायिक साठवणीतील नोंदींचे रक्षण

गेल्या अडीच दशकांत देशातील शासकीय, बँकिंग व सहकारी क्षेत्रांतील नोंदी कागदावरून संगणकावर आल्या, ही बाब सर्वपरिचित आहे. त्याच काळात या नोंदींचे आणखी एक स्थलांतर घडून आले. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. कर्नाटकातील ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेण्यात आले, तेव्हा प्रारंभी त्या नोंदी त्या त्या तालुक्याच्या संगणकावरच राहत असत. पुढे मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजनेस मान्यता मिळाली. जानेवारी २००८ मध्ये राज्य डेटा केंद्रांची योजना पाच वर्षांसाठी १,६२३.२० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली आणि ठिकठिकाणी विखुरलेली माहिती राज्याच्या एका केंद्रात एकत्र येऊ लागली. अशा केंद्रात प्रत्येक संगणकाला स्वतःची स्वतंत्र डिस्क असतेच असे नाही. अनेक सर्व्हर एकाच मोठ्या साठवण-यंत्रणेतून आपापली जागा घेतात आणि काही प्रसंगी तर एकच जागा दोन किंवा अधिक सर्व्हरांना जोडलेली असते.

या व्यवस्थेत एक धोका दडलेला आहे. एकाच डिस्कवर एकाच वेळी दोन संगणकांनी नेहमीच्या पद्धतीने लिखाण केले, तर तिच्यावरील फाइल-व्यवस्था, म्हणजेच कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी संपूर्ण दप्तररचना, अल्पावधीत मोडकळीस येऊ शकते. त्यासाठी चोर लागत नाही, विषाणू लागत नाही आणि यंत्रात बिघाडही व्हावा लागत नाही. सर्व यंत्रे आपापले काम चोख करीत असतानाच ही हानी होते. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, रुग्णालयातील नोंद हे सारे ज्या साठवणीवर विसंबून आहे, तिचे हे दुबळे अंग प्रशासकांनी व लेखापरीक्षकांनीही समजून घेणे आवश्यक झाले आहे.

सामायिक साठवणीचे अर्थकारण

साठवण एकत्र करण्यामागील हिशेब साधा आहे. समजा, दहा विभागांनी दहा सर्व्हर घेतले आणि प्रत्येकाने पुढील पाच वर्षांची गरज धरून मोठी डिस्क बसविली. यांपैकी काहींची डिस्क दोन वर्षांतच भरते, तर काहींची निम्मीही वापरली जात नाही. एका विभागाची रिकामी जागा दुसऱ्याच्या कामी येत नाही. दहाही विभागांची जागा एकाच यंत्रणेतून दिली, तर एकूण खरेदी कमी लागते, कारण सर्वांची गरज एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाही. विमा व्यवसायात जोखीम एकत्र करण्याचे जे तत्त्व आहे, तेच येथे लागू पडते.

दुसरे कारण सेवेच्या सातत्याचे आहे. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने त्याच नोंदी घेऊन काम पुढे चालवावे, अशी अपेक्षा असते. नोंदी पहिल्या सर्व्हरच्या पोटात असतील तर हे शक्य नाही. त्या बाहेरच्या सामायिक डिस्कवर असतील तर दुसरा सर्व्हर ती डिस्क ताब्यात घेऊन काही मिनिटांत सेवा सुरू करू शकतो. धोक्याचे मूळही याच सोयीत आहे, कारण दोन्ही सर्व्हरांच्या तारा त्याच डिस्कपर्यंत पोहोचलेल्या असतात.

पूर्वी अशी यंत्रणा महागड्या प्रकाशतंतूंच्या स्वतंत्र जाळ्यावर चालत असे आणि ती मोजक्या बँकांना व मोठ्या संस्थांनाच परवडत असे. २००४ मध्ये ‘आय-स्कझी’ या पद्धतीचे प्रमाण निश्चित झाले आणि कार्यालयातील साध्या नेटवर्कवरूनही दूरची डिस्क जोडता येऊ लागली. खर्च उतरला, प्रसार वाढला. परंतु महागड्या जाळ्यासोबत जो प्रशिक्षित कर्मचारीवर्ग येत असे, तो मात्र स्वस्त जाळ्यासोबत आला नाही.

हानी नेमकी कशी होते

सामान्य समजूत अशी की, दोन संगणकांनी एकाच फाइलला हात लावला तरच गोंधळ होईल. वेगवेगळ्या फाइलींवर काम केले तर अडचण नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ नुकसान होते.

एका कचेरीतील दप्तरखान्याची कल्पना करावी. तेथे एक नोंदवही आहे. कोणत्या फडताळातील कोणता कप्पा भरलेला व कोणता रिकामा, हे तिच्यात लिहिलेले असते. आता दोन कारकून नेमले गेले. प्रत्येकाने सकाळी त्या नोंदवहीची नक्कल काढून आपल्या टेबलावर ठेवली आणि दिवसभर त्या नकलेवरूनच काम केले. पहिल्याने एक नवे प्रकरण कप्पा क्रमांक ५०० मध्ये ठेवले व आपल्या नकलेत तशी खूण केली. दुसऱ्याच्या नकलेत ५०० हा कप्पा रिकामाच आहे. त्याने पहिल्याचे कागद काढून टाकले आणि आपले ठेवले. सायंकाळी दोघांनीही आपापली नक्कल मूळ नोंदवही म्हणून परत ठेवली. ज्याने शेवटी ठेवली, त्याची ग्राह्य ठरली. दोन्ही कारकून प्रामाणिक, दोघांचेही काम नियमानुसार. तरीही दप्तर बिघडले.

संगणकात अक्षरशः हेच घडते. वेग वाढावा म्हणून प्रत्येक संगणक डिस्कवरील दप्तररचनेचा मोठा भाग आपल्या स्मृतीत आणून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा डिस्ककडे जात नाही. या डिस्कला दुसराही धनी आहे, अशी शंका त्याला येण्याचे कारणच नसते. सर्वसाधारण फाइल-व्यवस्थांची रचनाच ‘ही डिस्क केवळ माझी आहे’ या गृहीतकावर झालेली आहे. लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी ‘ईएक्सटी-४’ ही फाइल-व्यवस्था घेतली, तर तिच्यात मोकळ्या जागेचा हिशेब ४,०९६ बाइटांच्या पानांवर ठेवला जातो. अशा एका पानावर ३२,७६८ खुणा मावतात आणि प्रत्येक खूण ४,०९६ बाइटांच्या एका कप्प्याची असते. म्हणजे एका पानावर १२८ मेगाबाइट जागेचा हिशेब असतो. संगणक एकटी खूण बदलून लिहीत नाही, तो पूर्ण पान लिहितो. त्यामुळे दुसऱ्या संगणकाने एका कप्प्यापुरता बदल करून ते पान परत लिहिले, की पहिल्याने त्याच पानावर केलेल्या सर्व खुणा एका फटक्यात पुसल्या जातात. दोघे वेगवेगळ्या फाइलींवर काम करीत होते, ही बाब येथे गैरलागू ठरते. फाइली वेगळ्या असल्या तरी नोंदवही एकच होती.

डिस्कने हे का थांबवू नये, असा प्रश्न विचारला जातो. डिस्कला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नसते. अमुक क्रमांकाच्या कप्प्यात अमुक मजकूर लिही, एवढीच आज्ञा तिला कळते आणि ती ती निमूटपणे पाळते.

या प्रकारातील सर्वांत घातक भाग म्हणजे हानी तत्काळ दिसत नाही. दोन्ही संगणक आपापल्या स्मृतीतील नकलेवरून व्यवस्थित उत्तरे देत राहतात. कित्येक दिवसांनी एखादा सर्व्हर पुन्हा सुरू केला जातो, तो डिस्कवरील मूळ दप्तर वाचतो आणि तेव्हा एका फाइलीच्या जागी दुसरीच फाइल, रिकाम्या निर्देशिका, दोन फाइलींनी हक्क सांगितलेले कप्पे असा पसारा समोर येतो. दरम्यानच्या काळात रोज रात्री घेतलेल्या प्रतींमध्येही हाच बिघाड उतरलेला असतो.

काही भाबड्या समजुती

‘दुसऱ्या संगणकाला केवळ वाचण्यासाठी जोडले तर काय बिघडेल?’ हा युक्तिवाद अहवाल तयार करणाऱ्या विभागांकडून नेहमी केला जातो. त्याचे उत्तर समजण्यासाठी फाइल-व्यवस्थेतील ‘जर्नल’ची ओळख हवी. हिशेबनिसाच्या भाषेत ही रोजकीर्द होय. दप्तरात मोठा बदल करण्यापूर्वी संगणक तो बदल आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग खतावणी करतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द पाहून अपुरी खतावणी पूर्ण केली जाते. एखादी डिस्क वापरात असते, तोवर ‘रोजकीर्द तपासणे आवश्यक’ अशी खूण तिच्यावर कायम असते. आता दुसऱ्या संगणकाने तीच डिस्क वाचनासाठी जोडली, तर ही खूण पाहून त्याला वाटते की मागील मालक अचानक बंद पडला. ‘ईएक्सटी-३’ व ‘ईएक्सटी-४’ यांत केवळ वाचनासाठी केलेल्या जोडणीतही, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, तो प्रथम ती रोजकीर्द खतावतो. म्हणजेच चालू मालकाच्या हाताखालील दप्तरात लिहितो. हे लिखाण टाळले तरी वाचणाऱ्याच्या स्मृतीतील नक्कल शिळी होत जाते आणि त्याला जुने व नवे यांची सरमिसळ वाचावयास मिळते. अशा वाचनावरून केलेला अहवाल चुकीचा असला, तरी तो चुकीचा आहे हे कोठेही दिसत नाही.

‘आमच्याकडे रेड आहे’ हेही उत्तर ऐकू येते. एक डिस्क जळाली तर दुसरीवरून माहिती मिळावी, यासाठी रेडची योजना असते. चुकीचे लिखाण झाल्यास ती ते दोन्ही डिस्कांवर तितक्याच इमानाने उतरवते. फाइलीला लावलेले कुलूपही येथे कुचकामी ठरते, कारण साध्या फाइल-व्यवस्थेत ते कुलूप त्या संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीत असते. शेजारच्या संगणकाला ते दिसतच नाही.

प्रतिबंधाचे मार्ग

सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे ज्याला गरज नाही त्याला डिस्क दिसूच न देणे. प्रत्येक सर्व्हरच्या जोडणीपत्राला स्वतःचा एकमेव क्रमांक असतो. साठवण-यंत्रणेत ‘या क्रमांकाला एवढीच जागा दाखवावी’ असे नमूद करता येते आणि जाळ्यातील स्विचवरही कोण कोणाशी बोलू शकेल याचे विभाग पाडता येतात. यासाठी वेगळी खरेदी लागत नाही. लागते ती शिस्त. नवा सर्व्हर बसविताना ‘आत्ता सर्व खुले ठेवू, नंतर बंद करू’ असे ठरते आणि ते ‘नंतर’ येत नाही. विंडोज सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्या समोर दिसेल ती ओळखीची डिस्क आपण होऊन जोडून घेत असत. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ पासून, मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्त्यांत, सामायिक डिस्क व्यवस्थापकाने सांगेपर्यंत बंद ठेवण्याचे धोरण आणले. तरीही डिस्क अनोळखी दिसली तर तिची ‘सुरुवातीची मांडणी’ करावी काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. त्याला घाईने ‘होय’ म्हणणारा कर्मचारी दुसऱ्या विभागाची डिस्क पुसून टाकू शकतो.

दुसरा मार्ग दोघांना डिस्क दिसू देण्याचा, परंतु एका वेळी एकालाच वापरू देण्याचा आहे. येथे भारतीय रेल्वेतील एक जुनी पद्धत आठवते. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी म्हणून नीलचे टोकन-यंत्र वापरले जात असे. दोन्ही स्थानकांतील यंत्रे विजेने अशी जखडलेली असत की, एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो हाती असल्याखेरीज चालक गाडी पुढे नेत नसे. डिस्कच्या बाबतीतही असा गोळा लागतो. ‘ईएक्सटी-४’मध्ये २०११ पासून बहुजोडणी-प्रतिबंधाची सोय आहे. डिस्क ज्याच्या ताब्यात आहे तो संगणक ठरावीक कप्प्यात दर काही सेकंदांनी (मूळ मुदत पाच सेकंद) एक नवा आकडा लिहीत राहतो. दुसरा संगणक जोडणी करू पाहतो तेव्हा तो आकडा वाचतो, थोडा थांबतो व पुन्हा वाचतो. आकडा बदललेला दिसला तर घरात कोणीतरी आहे हे उघड होते आणि जोडणी नाकारली जाते. ‘झेडएफएस’ या फाइल-व्यवस्थेच्या मुक्त आवृत्तीत २०१७ मध्ये अशीच तरतूद आली. मात्र साध्या वापरात ही सोय आपोआप चालू नसते; व्यवस्थापकाने ती मुद्दाम सुरू करावी लागते. एवढी लहानशी आज्ञा देण्याचे राहून गेल्याने मोठी हानी व्हावी, हे या क्षेत्रातील दुर्दैव म्हटले पाहिजे.

तिसरा मार्ग डिस्क थेट न वाटता तिच्यावरील फाइली वाटण्याचा आहे. एकच सर्व्हर डिस्कचा मालक राहतो आणि इतर सर्व जण नेटवर्कवरून त्याच्याकडे फाइली मागतात. नोंदवही एकाच कारकुनाच्या हाती राहिल्याने वरील संकट उद्भवत नाही. वेग थोडा कमी पडतो आणि त्या एका सर्व्हरवर सर्वांची भिस्त राहते, हे खरे. परंतु बहुतेक जिल्हास्तरीय कार्यालयांची गरज एवढ्यावर भागते. अनेक ठिकाणी गरज नसताना थेट सामायिक डिस्कचा अट्टहास धरला जातो, तो निविदेत भारदस्त दिसतो म्हणून.

अनेकांनी एकाच वेळी लिहायचे असेल तर

खरोखरच अनेक सर्व्हरांनी एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहिणे आवश्यक असेल, तर त्यासाठी वेगळ्या जातीची, समूहासाठीच रचलेली फाइल-व्यवस्था लागते. या कल्पनेचा व्यावहारिक पाया १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने घातला. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या ‘व्हॅक्स’ समूहात अनेक संगणक समान डिस्का वापरत आणि त्यांच्यात एक वाटून घेतलेला कुलूप-व्यवस्थापक असे. कोणताही संगणक दप्तराच्या एखाद्या पानाला हात लावण्यापूर्वी त्या पानाचे कुलूप मागतो. ते दुसऱ्याकडे असेल तर त्याने आपले बदल डिस्कवर उतरवून, आपली नक्कल टाकून देऊन मगच ते सोडावयाचे असते.

या प्रणालीशी भारताचा संबंध जवळचा आहे. रेल्वेची संगणकीकृत प्रवासी आरक्षण प्रणाली १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही तिची पाच केंद्रे परस्परांशी जोडली गेली आणि तिचा पाया व्हीएमएस याच कार्यप्रणालीचा राहिला. २०१० मध्ये बसविलेल्या इटॅनियम सर्व्हरांवर ओपन व्हीएमएस चालत असल्याचे आणि ती व्यवस्था बदलण्याचे काम हाती घेतल्याचे शासनाने २०२५ मध्ये संसदेत सांगितले होते. एका बर्थवर दोन प्रवासी बसू नयेत यासाठी सर्वप्रथम एका नोंदीवर दोन लेखण्या चालू नयेत, हे तेथे फार पूर्वीच ओळखले गेले होते.

लिनक्ससाठी अशी फाइल-व्यवस्था घडविण्याचे काम १९९० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाले. तिचीच पुढची पिढी ‘जीएफएस-२’ २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. ओरॅकलची ‘ओसीएफएस-२’ही त्याच वर्षी आली. ‘जीएफएस-२’मध्ये प्रत्येक संगणकाला स्वतंत्र रोजकीर्द असते, म्हणून एक संगणक बंद पडल्यास त्याची अपुरी खतावणी उरलेल्यांना पूर्ण करता येते. याची किंमतही आहे. प्रत्येक कुलपासाठी संगणकांना परस्परांशी बोलावे लागते आणि एकाच निर्देशिकेत अनेकांनी लहान लहान फाइली टाकल्या तर कामाचा बराच वेळ कुलपे मागण्यातच जातो. संगणक दुप्पट केले म्हणजे काम दुप्पट होईल, हा हिशेब येथे जुळत नाही.

संशयिताला तोडण्याचा प्रश्न

या विषयातील खरी कसोटी पुढेच आहे. कुलूप ज्याच्याकडे आहे तो संगणक अचानक उत्तर देईनासा झाला तर? तो मेला असेल. किंवा केवळ नेटवर्कची तार निसटली असेल आणि तो डिस्कवर लिहीतच असेल. किंवा तो चाळीस सेकंद गोठला असेल आणि शुद्धीवर येताच अडकून पडलेले लिखाण डिस्कवर ओतणार असेल. बाहेरून या तिन्ही अवस्था सारख्याच दिसतात. ‘उत्तर नाही म्हणजे मेला’ असे धरून दुसऱ्याने ताबा घेतला, की दोन मालकांची तीच जुनी स्थिती निर्माण होते.

म्हणून नियम असा की, ताबा घेण्यापूर्वी संशयिताला निश्चितपणे तोडले पाहिजे. त्याची वीज दूरनियंत्रित स्विचने बंद करावी, किंवा साठवण-यंत्रणेलाच त्याचे लिखाण नाकारण्यास सांगावे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक सर्व्हर डिस्ककडे आपली किल्ली नोंदवितो. समूहातील दुसरा सर्व्हर ती किल्ली रद्द करू शकतो आणि त्यानंतर आलेले त्याचे लिखाण डिस्कच्या दारातूनच परत जाते. पहिल्या पद्धतीला तंत्रज्ञ ‘स्टोनिथ’ म्हणतात. दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे आहेत. शासकीय टिपणीत हा शब्द वापरताना अधिकारी कचरतात, यात नवल नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक सामायिक साधनांच्या व्यवस्थापनावरील अभ्यासासाठी मिळाले. वापरकर्त्यांची सुस्पष्ट हद्द, परस्परांवर देखरेख आणि नियमभंगाला शिक्षा या त्यांनी नोंदविलेल्या गोष्टी येथेही जशाच्या तशा आढळतात. त्यांनी शिक्षा पायरीपायरीने वाढावी असे म्हटले होते. संगणकांच्या समूहात मात्र पहिल्याच संशयाला वीज तोडली जाते.

तोडण्याचा अधिकार कोणाला, हाही प्रश्न आहे. दोनच सर्व्हर असतील व मधली तार तुटली, तर दोघेही एकमेकांना संशयित समजतात. त्यावर बहुमताचा तोडगा आहे. तिघांपैकी दोन किंवा पाचांपैकी तीन जण परस्परांना दिसत असतील तोच गट काम चालू ठेवतो. अल्पमतातील गट थांबतो. दोघांच्या समूहात बहुमत शक्य नसल्याने साक्षीदार म्हणून तिसरे लहान यंत्र किंवा एखादी छोटी डिस्क ठेवली जाते. हा तिसरा साक्षीदार ‘अनावश्यक बाब’ म्हणून अंदाजपत्रकातून गाळला जाणे, ही नेहमीची गोष्ट आहे.

तोडण्याची व्यवस्था असूनही ती नीट पारखलेली नसेल तर काय होते, याचे जाहीर उदाहरण २२ डिसेंबर २०१२ रोजी ‘गिटहब’ या संकेतस्थळाच्या सेवेत दिसले. तेथे एकच डिस्क सामायिक नव्हती. परस्परांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जोड्या होत्या. नेटवर्कच्या देखभालीच्या वेळी संपर्क विस्कळीत झाला, जोड्यांतील सर्व्हरांनी परस्परांना मृत समजून वीज तोडण्याच्या आज्ञा दिल्या आणि काही जोड्यांतील दोन्ही सर्व्हर बंद पडले. प्रत्येक जोडीत खरी अद्ययावत प्रत कोणाकडे आहे हे माणसांनी तपासेपर्यंत कित्येक तास सेवा खंडित राहिली. गैरसोय मोठी झाली, हे खरे. परंतु बंद पडलेली सेवा परत सुरू करता येते. सरमिसळ झालेले दप्तर पुष्कळदा परत मिळत नाही. दोन वाईटांपैकी थांबणे हे कमी वाईट, हे धोरण म्हणून आधीच लेखी ठरलेले असावे. ते ठरलेले नसेल तर मध्यरात्री वरिष्ठांच्या दूरध्वनीखाली सेवा चालू ठेवण्यासाठी तोडण्याची व्यवस्थाच बंद केली जाते.

खरेदी, कायदा आणि नवी साधने

निविदेत प्रोसेसर किती, साठवण किती टेराबाइट, हे आकडे असतात आणि त्यांवरून दरांची तुलना होते. तोडण्याची साधने, साक्षीदार यंत्र, व्यवस्थापकाचे प्रशिक्षण व वर्षातून किमान दोनदा घ्यावयाची सर्व्हर-बदलाची रंगीत तालीम यांना टेराबाइटचा आकडा नसतो. न्यूनतम दराच्या स्पर्धेत सर्वप्रथम याच बाबी कापल्या जातात. बचत त्याच आर्थिक वर्षात दिसते. नुकसान झालेच तर ते पुढच्या एखाद्या वर्षी, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत होते. प्रोत्साहनांची ही विषम मांडणी बदलावयाची, तर उपकरणे ताब्यात घेण्याच्या अटींतच ‘चालू सर्व्हरची नेटवर्क-तार काढून दाखवावी व नोंदी शाबूत राहिल्याचे सिद्ध करावे’ अशी चाचणी घातली पाहिजे. चाचणीस तासभर पुरतो.

कायद्याची बाजूही आता बदलत आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील डेटा-भंगाच्या व्याख्येत माहिती चोरीला जाण्याबरोबरच ती अपघाताने बदलणे, नष्ट होणे किंवा तिच्यापर्यंत पोहोचता न येणे यांचाही समावेश आहे. भंग टाळण्यासाठी वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ही कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दोन सर्व्हरांनी मिळून बिघडविलेले दप्तर केवळ तांत्रिक अपघात म्हणून फाइलबंद करणे यापुढे सोपे राहणार नाही.

उच्च क्षमतेच्या संगणनात ही शिस्त तुलनेने चांगली रुजली आहे. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या ‘परम’ मालिकेतील अनेक यंत्रांत ‘लस्टर’ ही फाइल-व्यवस्था आहे. तीत प्रत्येक डिस्कसंचाचा एका वेळी एकच सर्व्हर मालक असतो व त्याचा राखीव जोडीदार त्याच डिस्कांना जोडलेला असतो. वर उल्लेखिलेला बहुजोडणी-प्रतिबंध मुळात याच ‘लस्टर’च्या गरजेतून जन्मला. उलट मेघ-संगणनात जुना धोका नव्या वेशात परत आला आहे. २०२० मध्ये अमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या दोघांनी एकच आभासी डिस्क अनेक आभासी संगणकांना जोडण्याची सोय दिली. पूर्वी त्यासाठी तार ओढावी लागे व त्या निमित्ताने चार माणसांचे लक्ष जाई. आता पडद्यावरील एका चौकोनात खूण केली की पुरते. ‘ईएक्सटी-४’सारख्या साध्या फाइल-व्यवस्था यासाठी योग्य नाहीत, असा इशारा अमेझॉनच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आहे.

हानी झाल्याचे लक्षात आले, तर पहिल्या तासातील कृती निर्णायक ठरते. सर्वप्रथम दोन्ही संगणकांची जोडणी तोडावी आणि कोणता दुसरीकडे लिहीत नाही ना, याची साठवण-यंत्रणेवरूनच खात्री करावी. दुरुस्तीची आज्ञा तत्काळ देऊ नये. दुरुस्ती करणारा कार्यक्रम दप्तर सुसंगत करण्यासाठी परस्परविरोधी नोंदींपैकी एक टाकून देतो आणि टाकलेली नोंद कदाचित खरी असते. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसरीकडे घ्यावी, त्या प्रतीवर काहीही न बदलता केवळ तपासणी करावी आणि दोन्ही संगणक प्रथम एकाच वेळी केव्हा जोडले गेले, हे त्यांच्या नोंदवह्यांतून शोधावे. त्या वेळेच्या आधीची राखीव प्रत विश्वासार्ह मानावी. नंतरच्या काळातील व्यवहार कागदी पावत्या, बँकेचे जुळवणीपत्रक व जोडलेल्या इतर प्रणालींतील नोंदी यांवरून पुन्हा भरावे लागतात.